स्किमआर: विहिरींच्या नोंदींवर नऊ महिने

मे महिन्यात साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली विहीर काठोकाठ भरलेली असते, असं तिथल्या शाळकरी पोराला सांगितलं तरी ते विश्वास ठेवणार नाही. आमच्या फाइलमध्ये मात्र अशा सव्वीस विहिरी होत्या. दीड वर्ष होत्या, आणि त्यांना धरूनच आम्ही सरासरी काढत होतो.

आमची संस्था लहान आहे. गावोगावची मुलंमुली महिन्यातून एकदा विहिरीवर जातात, जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात आणि फोनवरच्या फॉर्ममध्ये भरतात. अंतर जितकं जास्त, तितकं पाणी खोल. विहीर कोरडी पडली तर काय लिहायचं, हे आम्ही फॉर्ममध्ये सांगितलंच नव्हतं. पाणी नाही म्हणून मुलांनी शून्य लिहिलं. पण या रकान्यात शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं. सगळ्यात हलाखीतली विहीर आमच्या हिशेबात सगळ्यात चांगली ठरत होती. चूक मुलांची नव्हती, फॉर्म बनवणाऱ्यांची होती, आणि त्यात मीही होते.

हे लक्षात आलं ते स्किमआरमुळे. आर या आकडेमोडीसाठीच्या संगणकभाषेतलं, तक्त्याचा गोषवारा काढून देणारं हे मोफत, मुक्तस्रोत पॅकेज आहे. २०१७ साली आरओपनसाय या संस्थेच्या एका मेळाव्यात त्याचं काम सुरू झालं, आणि इलिन वॉरिंग यांच्यासह अनेकांनी ते वाढवलं. वापरायला एकच आज्ञा पुरते: स्किम, आणि कंसात तुमच्या तक्त्याचं नाव. किती ओळी, किती रकाने, कोणत्या प्रकारचे, हे आधी येतं. मग प्रकारानुसार वेगवेगळे तक्ते. आकड्यांच्या प्रत्येक रकान्यापुढे किती नोंदी गहाळ, सरासरी, प्रमाण विचलन, आणि पी०, पी२५, पी५०, पी७५, पी१०० असे पाच टप्पे. पी० म्हणजे सगळ्यात लहान आकडा, पी२५ म्हणजे ज्याच्याखाली पाव नोंदी येतात तो, पी५० म्हणजे मध्यक. ओळीच्या शेवटी पाच पट्ट्यांचा चिमुकला हिस्टोग्राम, शाळेतल्या आयतालेखासारखाच, पण अक्षरांच्या उंचीत मावणारा.

आरमधली मूळची समरी ही आज्ञाही लहानात लहान आकडा दाखवते, मग आम्हाला तो आधी का दिसला नाही? कारण आम्ही ती सगळ्या महिन्यांवर एकत्र चालवायचो. ऑक्टोबरात काही विहिरी खरोखरच भरलेल्या असतात, त्यामुळे शून्य खटकत नव्हतं. स्किमआरला महिन्यानुसार गट पाडून दिले आणि मेच्या ओळीत पी० शून्य दिसलं. शेजारच्या हिस्टोग्राममध्ये डावीकडे एक सुटी पट्टी उभी, मग मोकळी जागा, मग बाकीच्या विहिरी. डोळा आधी तिथेच गेला. एकाच ओळीत आकडा आणि आकार शेजारी असणं, हे या पॅकेजचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम आहे.

दुसरी गोष्टही त्या पट्ट्यांनीच दाखवली. एका गटात पहिल्या दोन पट्ट्या उंच, मधली जवळजवळ सपाट, चौथी पुन्हा वर. एकाच गावात, एकाच महिन्यात पाण्याच्या दोन पातळ्या कशा? काही जणांनी मीटरमध्ये मोजलं होतं, काहींनी फुटांत. नुसती सरासरी पाहिली असती तर ती दोन उंचवट्यांच्या मधोमध पडली असती, जिथे एकही विहीर नव्हती.

शून्यं काढून तिथे जागा रिकामी ठेवली, कोरडी हो-नाही असा वेगळा रकाना केला. अशा रकान्याची सरासरी स्किमआर थेट देतं, म्हणजे शंभरातल्या किती विहिरी कोरड्या हे लगेच कळतं. इथे एक सावधगिरी बाळगावीच लागते. कोरड्या विहिरी पातळीच्या रकान्यातून वगळल्या की उरलेल्यांची सरासरी पुन्हा चांगली दिसू लागते. म्हणून आम्ही पातळी आणि कोरड्यांचं प्रमाण एकत्रच छापतो.

मजकुराच्या रकान्यांत मला जास्त झगडावं लागलं. गहाळ, रिकामी आणि नुसती मोकळी जागा असलेली नोंद, या तिन्ही स्किमआर वेगवेगळ्या मोजतं. हे चांगलंच आहे, पण आधी समजून घ्यायला हवं. आरच्या मूळच्या रीड डॉट सीएसव्ही या आज्ञेने फाइल उघडली तर मजकुराची कोरी चौकट गहाळ धरली जात नाही, रिकामी धरली जाते. निरीक्षकाच्या नावाच्या रकान्यात गहाळ शून्य पाहून मी खूश झाले होते. चार रकाने पलीकडे रिकाम्या नोंदींचा आकडा होता, तो मी वाचलाच नव्हता.

गावांची नावं हा आपल्याकडचा खास प्रश्न. वेगळी नावं किती, हा आकडा गावांच्या दुपटीहून जास्त आला, तेव्हा कळलं की दहिवडी आणि दहीवडी, गोंदवले बु. आणि गोंदवले बुद्रुक अशी सरमिसळ आहे. किती हे स्किमआर सांगतं, कोणती हे नाही. यादी वेगळी काढावी लागते. रकाना फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचा, केला तर सगळ्यात जास्त वेळा आलेली चार नावं दिसतात, पण पहिल्या तीन चिन्हांपुरतीच. रोमन लिपीत ते चालून जातं. देवनागरीत ग, ओकाराची मात्रा आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं झाली, म्हणजे गोंदवले बुद्रुक आणि गोंदवले खुर्द दोन्हींच्या जागी नुसतं ‘गों’. ही मर्यादा वाढवता येते, मी ती पहिल्याच दिवशी वाढवायला हवी होती. नावाची लांबीही अशीच मोजली जाते: आपल्याला म्हसवड चार अक्षरी, स्किमआरच्या लेखी सहा.

विंडोजवर आरची जुनी आवृत्ती असेल तर पट्ट्यांऐवजी कोनी कंसातले संकेतांक दिसतात. २०२२ मधल्या आर ४.२ पासून हा त्रास राहिलेला नाही, तेव्हा आर अद्ययावत करा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गट पाडल्यावर प्रत्येक गटाचा हिस्टोग्राम आपापल्या लहान-मोठ्या आकड्यांत बसवलेला असतो. मार्च आणि मे यांच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या दिसल्या म्हणून पाणी तेवढंच आहे असं होत नाही. तुलना पी५० वरून करा, पट्ट्यांवरून फक्त आकार पाहा. गट फार झाले की तक्ता लांबच लांब होतो. आम्ही गाव आणि महिना दोन्हींनी गट पाडून पाहिले आणि वाचता वाचता मूळ प्रश्नच विसरलो.

स्वतःचं माप जोडता येतं, हे मला फार आवडलं. आता आमच्या तक्त्यात प्रत्येक आकडी रकान्यापुढे त्यात शून्य किती वेळा आलं तेही छापलं जातं. दर महिन्याच्या पाच तारखेला मी आधी तेवढंच पाहते.

एक चूक मात्र पट्ट्यांतही दिसली नाही. एका गावाच्या नोंदी सतत दोन-तीनच्या आसपास असायच्या, इतक्या कमी की पाणी वरच लागणारं गाव असेल असं धरून मी पुढे गेले होते. टोकाचा आकडा नाही, दोन उंचवटे नाहीत, गहाळ काही नाही. शेवटी जानेवारीत मोजणाऱ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, “ताई, आमच्याकडं आजोबा परसातच सांगत्यात, मी तेच लिवते.” परस म्हणजे साधारण एका माणसाच्या उंचीएवढं खोलीचं जुनं माप. फॉर्ममध्ये आता एककाचा वेगळा रकाना आहे: मीटर, फूट, परस.