धरपकड की दुरुस्ती? सुव्यवस्था राखण्याच्या दोन पोलिसी पद्धती

फुटलेली एक काच तशीच राहिली की उरलेल्याही फुटतात, कारण इथे कुणाचं लक्ष नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या अमेरिकी अभ्यासकांनी मार्च १९८२ मध्ये मांडलेल्या या विचारातून अमेरिकी पोलिसांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या. शहराने त्यातली कुठली धरायची, हा प्रश्न मुळात माणसांवर कारवाई करायची की जागा सुधारायची, एवढाच आहे.

धरपकडीत उघड्यावर दारू पिणं, भिंती रंगवणं, तिकीट न काढता भुयारी रेल्वेत शिरणं यांवरही अटक किंवा समन्स निघतं. न्यूयॉर्कचे पोलिस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी १९९४ पासून ती जोमाने राबवली. मनुष्यबळ असेल तर लगेच सुरू होते आणि आकडा रोज दाखवता येतो, हे तिचं आकर्षण. गुन्हे तिथे झपाट्याने घटले. पण वेगळ्या पद्धतीने चाललेल्या सॅन दिएगोतही ते त्याच काळात घटले.

रस्त्यात अडवून झडती घेणं कायद्याने निराळं, पण व्यवहारात ते याच पद्धतीला चिकटलं. २००४ पासून २०१२ च्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना अडवलं. शंभरातल्या ८८ वेळा ना अटक झाली, ना समन्स निघालं. अडवलेल्यांत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. अडवण्याचा आकडा २०११ मधल्या पावणेसात लाखांच्या वरून २०१५ मध्ये २३ हजारांच्या आत आला, तरी गुन्हेगारी उसळली नाही. धरपकडीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर दिलं पाहिजे.

दुरुस्तीच्या पद्धतीचा भक्कम पुरावा मॅसेच्युसेट्समधल्या लॉवेलचा. अँथनी ब्रागा आणि ब्रेंडा बाँड या संशोधकांनी तिथल्या ३४ त्रासदायक ठिकाणांच्या १७ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतलं एकच ठिकाण चिठ्ठी काढावी तसं कारवाईसाठी निवडलं. तिथे पोलिसांना येणारे फोन सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. किरकोळ अटकाही झाल्या होत्या, पण जास्त फरक पाडला तो मोकळे भूखंड साफ करणं, दिवे सुधारणं अशा कामांनी.

ही पद्धत वेळखाऊ आहे. वर्षभराचे फोन पत्त्यानुसार मांडा, अख्खी वस्ती न घेता रस्त्याचा तुकडा किंवा चौक निवडा, मग त्रास कुठल्या तासाला होतो आणि जागेचा मालक कोण ते शोधा. गाडी फसते ती नेमकी इथे. विश्लेषण किचकट, अटक सोपी. आढावा बैठकीत अटकांचाच हिशेब विचारला गेला की अधिकारी गुपचूप धरपकडीकडे वळतात. म्हणून बैठकीत पहिला प्रश्न त्या तुकड्यावरचे फोन घटले का, हा असावा. शेजारच्या गल्ल्यांतले फोनही मोजा, नाहीतर त्रास फक्त पलीकडे सरकल्याचं लक्षात येणार नाही.

लोकांच्या मनातली भीती हीच मुख्य तक्रार असेल, तर पायी गस्त जोडीला घ्या. १९७० च्या दशकाअखेरीस न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहरात झालेल्या प्रयोगात तिने गुन्हे घटले नाहीत, पण रहिवाशांना सुरक्षित वाटू लागलं.