पीजीलोडर: माल नीट उतरवतो, मोजणीचं तेवढं आपण बघायचं

मायएसक्यूएल या डेटाबेसमधला डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये न्यायला पीजीलोडरइतकं सोयीचं फुकट साधन नाही. टेबलं, इंडेक्स (लवकर शोधायची सूची), फॉरेन की (टेबलांमधले दुवे), सगळं एका कमांडमध्ये उतरतं. 0000-00-00 असल्या तारखा तो आपोआप नल, म्हणजे रिकाम्या, करतो. ट्रिगर आणि प्रोसीजर (डेटाबेसच्या आत साठवलेला कोड) मात्र नव्याने लिहावे लागतात.

चालवायच्या आधी मराठी तपासा. लातूरच्या एखाद्या आडतीची जुनी साइट धरा. टेबलावर अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) लॅटिन1 लिहिलेली, आत भरलेला मजकूर यूटीएफ-8. साइटवर 'सोयाबीन' नीट दिसतं, कारण लिहिताना झालेली चूक वाचताना झाकली जाते. पोस्टग्रेसमध्ये गेलं की त्याच जागी चिन्हांचा चिवडा. उपाय मायएसक्यूएलमध्येच करायचा: कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट, एन्कोडिंग नाही), मग यूटीएफ8एमबी4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8). थेट बदलला तर चूक दुप्पट होते.

मोठा मजकूर किंवा फोटो असलेल्या टेबलावर पीजीलोडर 'हीप एक्झॉस्टेड' (मेमरी संपली) म्हणून तुटतो. 'prefetch rows' (एका वेळी किती ओळी आधीच उचलायच्या) ही सेटिंग 10000 वर आणा, तरी तुटलं तर 1000. आणि हे काम दुकानातल्या पीसीवर लावू नका, सर्व्हरवर टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) लावा. इकडे लाइट गेली तरी तिकडे चालू राहतं. 'on error resume next' (चूक आली तरी पुढे चल) लावलं असेल तर नाकारलेल्या ओळी रिजेक्ट फाइलीत पडतात. ती बघितल्याशिवाय जुन्या डेटाबेसला हात लावू नका.

खरी तक्रार नंतर येते: आवकेचं पान रेंगाळतं. जुनं टेबल मायआयसॅम (मायएसक्यूएलची जुनी साठवण-पद्धत) असेल तर एकूण ओळींचा आकडा तिथे तयारच असायचा. पोस्टग्रेसला प्रत्येक ओळ चालू व्यवहाराला दिसते का हे बघावं लागतं, म्हणून काउंट स्टार, म्हणजे ओळी मोजायची COUNT(*) क्वेरी, अख्खं टेबल चाळतो. COUNT(1) लिहूनही फरक पडत नाही. इंडेक्स-ओन्ली स्कॅनने (टेबलाऐवजी फक्त इंडेक्स वाचून) वेळ वाचतो, पण त्याला व्हिजिबिलिटी मॅप (कुठल्या पानांवरच्या सगळ्या ओळी सगळ्यांना दिसतात याची नोंद) लागतो आणि नुकत्याच ओतलेल्या टेबलाचा तो रिकामा असतो. म्हणून लोड संपला की लगेच व्हॅक्यूम अ‍ॅनालाइझ चालवायचं; ही कमांड तो मॅप भरते. आवृत्ती 13 च्या आधीच्या पोस्टग्रेसवर तर नक्कीच, कारण तिथे नुसत्या नव्या ओळींमुळे ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारा व्हॅक्यूम) सहसा व्हॅक्यूम करतच नाही.

'एकूण नोंदी' दाखवायला पीजी_क्लास या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबलातला रेलटपल्सचा (ओळींच्या संख्येचा) अंदाज पुरतो. 'लातूर, तूर' अशी गाळणी लावली की तो कामाचा नाही; तिथे बाजार आणि पीक मिळून एक इंडेक्स काढा. पानावर 20 ओळी हव्या असतील तर 21 मागा. एकविसावी आली की 'पुढे' बटण दाखवायचं, मोजायचंच नाही. जिथे मोजणं अटळ आहे, तिथे एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमधला (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) 'हीप फेचेस'चा, म्हणजे मूळ टेबलात किती वेळा जावं लागलं त्याचा, आकडा शून्याजवळ आला का ते बघा.