सिन्नरचं गारगोटी म्युझियम : लोणार, निघोजच्या आधी इथे जा

आम्ही दोघं महिन्यातून एकदा तरी गाडी काढतोच. घर नाशिकच्या इंदिरानगरला, नवऱ्याची शिफ्ट सातपूरला, त्यामुळे रविवार तेवढाच मिळतो, आणि त्यात आमची आवड एकच, निसर्गाने केलेली मोठी कामं बघायची. लोणार झालं, निघोजचे रांजणखळगे झाले, सांधण व्हॅली तर दोनदा झाली. आणि एवढं सगळं फिरून झाल्यावर गेल्या महिन्यात घरापासून तासाभरावर असलेल्या, दगड आणि स्फटिकांच्या गारगोटी म्युझियमला पहिल्यांदा गेलो. पुण्याला जाता येता त्याच रस्त्याने किती वेळा गेलोय पण आत वळलो कधीच नाही. चुकलंच आमचं, तुमचं चुकू नये म्हणून लिहितेय.

सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत आहे, आजूबाजूला सगळ्या कंपन्या, त्यामुळे नवरा म्हणाला अगं सुट्टीच्या दिवशी पण मला एमआयडीसीतच आणलंस का. आत गेल्यावर मात्र तोच एकेका काचेसमोरून हलेना. तिथल्या एका मुलीने आम्हाला फिरवून सगळं समजावून सांगितलं, आणि घाई अजिबात केली नाही, आम्ही तेच तेच प्रश्न विचारले तरी शांतपणे उत्तरं दिली, त्याचे वेगळे मार्क द्यायलाच हवेत.

गोष्ट अशी आहे की आपला सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या, पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि हळूहळू आतल्या आत स्फटिक धरले. बाहेरून बघाल तर कळकट दगड, फोडला की आत हे सगळं. स्टिल्बाइट म्हणून एक आहे, फिकट पीच रंगाचा, मेथीची जुडी मधे आवळून बांधावी आणि दोन्ही टोकं फुलावीत तसा आकार, मी किती वेळ त्याच्यासमोर वाकून उभी होते. हिरवा अपोफिलाइट म्हणजे खडीसाखरच, फक्त हिरवी. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया इतक्या बारीक की आपल्या श्वासाने मोडतील असं वाटतं.

पण माझा जीव अडकला तो कॅव्हन्साइटमध्ये. छोटे छोटे निळे गोळे, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत, आणि नावातच त्याची रेसिपी आहे, कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका. निळा कसा तर अगदी मोरचुदासारखा. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग, फवारणीसाठी मोरचूद भिजवलेला ड्रम लहानपणापासून बघितलाय, त्यामुळे तो निळा बघितल्यावर एकदम घरच आठवलं.

यातले बरेचसे झिओलाइट गटातले. 1756 साली क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ते नाव ठेवलं, अर्थ उकळणारा दगड, कारण तापवला की आतलं पाणी बाहेर पडून तो फसफसतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवायचा गुण पण यांच्यात आहे, म्हणून कपडे धुवायच्या पावडरीत कारखान्यात बनवलेला झिओलाइट घालतात. हे ऐकून नवरा म्हणाला आपल्या बाथरूममधल्या मशीनपर्यंत आलाय हा दगड.

आता आधी इथे जा असं का म्हणतेय ते सांगते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघितले तेव्हा आम्ही फोटो काढले आणि निघालो. नदीच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरगर फिरून फिरून खडक कोरत जातात एवढं माहीत होतं, पण तो खडक काय आहे हे मनातच आलं नव्हतं. लोणारला पण तेच, 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा, उल्का पडली, तळ्याचं पाणी खारट, झालं. ती उल्का ज्या खडकावर आदळली तो पण हाच बेसाल्ट, हे गारगोटी बघितल्यावर नीट डोक्यात शिरलं. आता दोन्हीकडे परत जायचंय, आणि या वेळी खाली बघत चालायचंय.

म्युझियमला निदान दोन तास ठेवा. दगड विकत पण मिळतात. सुट्टी, वेळ, तिकीट जायच्या आधी फोन करून विचारून घ्या. मुलं असतील तर नक्की न्या.

तिथून गोंदेश्वरला गेलोच, सिन्नरला येऊन ते चुकवणं म्हणजे पाप आहे. यादवकाळातलं पंचायतन, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, आणि दगड परत तोच. दुपारी आवारात फार गर्दी नव्हती, सावलीत नुसतं बसलो.

एक तक्रार आहे, म्युझियमची नाही. येताना हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात थांबलो, चकचकीत बोर्ड, पार्किंग फुल्ल, आणि लेडीज टॉयलेटला कडी नाही, पाणी नाही. काउंटरवर सांगितलं तर त्या माणसाने वर पण बघितलं नाही. आमच्यासारख्या बाया रोड ट्रिपला पाणी कमी का पितात याचं कारण हेच, जेवणाची चव नंतर बघू, आधी दाराला कडी लावा.

पुढच्या रविवारी माहेरी गेलो. विहीर खोदली तेव्हा निघालेले चमकीचे दगड आम्ही पोरी बांधावर बसून खेळायला घ्यायचो, ते आहेत का विचारलं. अण्णा म्हणाले, "अगं ट्रॉलीभर निघाले होते, वस्तीच्या रस्त्याला भराव टाकला." तरी गोठ्यामागे दोन सापडले. एक घासून धुतला, आत नखाएवढी पोकळी आणि त्यात पांढऱ्या सुयांचा झुबका. अण्णांनी चष्मा लावून बघितला, मग उन्हात नेऊन परत बघितला, आणि म्हणाले हा इथेच राहू दे, दुसरा घेऊन जा.