राहायला ब्रिटनमध्ये आणि कॅम्परव्हॅन डाव्या स्टिअरिंगची: वर्षभर वापरून काय वाटलं

स्टिअरिंग कुठल्या बाजूला हा कॅम्परव्हॅन (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) घेतानाचा तिसरा प्रश्न आहे. पहिला म्हणजे शेजारच्या सीटवर कोणी बसणार आहे का, दुसरा म्हणजे मागच्या भागाचं सरकतं दार कुठल्या बाजूला आहे, आणि मग स्टिअरिंग. वर्षभर डाव्या स्टिअरिंगची व्हॅन चालवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. सगळे विचारतात ते मात्र फक्त स्टिअरिंगचंच, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमची गाडी फियाट ड्युकॅटोवर बांधलेली पॅनल व्हॅन, म्हणजे मागे बंद पत्र्याची गाडी आहे, 6 मीटर लांब, रुंदी आरसे सोडून 2 मीटरच्या थोडी वर, ऑटोमॅटिक गियर. सेकंडहँड घेतली, आणि आधीच्या मालकाने ती इथे ब्रिटनमध्ये रजिस्टर करून ठेवलेली होती, हे महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येते. गाडी आम्ही दोघं चालवतो, म्हणजे साधारण निम्मं मी निम्मं नवरा, आणि दोघंही उजव्या स्टिअरिंगवर शिकलेलो.

डावं का घेतलं तर सरळ हिशोब. कॅम्परचा खरा मोठा बाजार जर्मनी फ्रान्समध्ये, तिथे हव्या त्या आराखड्याच्या गाड्या भरपूर, आणि त्या सगळ्या अर्थातच डाव्या स्टिअरिंगच्या. त्यातली एखादी इथे आलेली असली की तिला गिऱ्हाईक कमी मिळतं, त्यामुळे घासाघीस करायला जागा राहते. दुसरं म्हणजे आमची थंडी स्पेन पोर्तुगालकडे जाते आणि एकदा फ्रान्समध्ये कॅले बंदरात उतरलं की पुढचे कित्येक हजार किलोमीटर उजव्या बाजूनेच. अर्थात ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यांनी स्वप्न बघताना शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच असलेला प्रवेशाचा नियम विसरू नका, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणजे कितीही फिरायचं म्हटलं तरी वर्षातला निम्मा काळ गाडी शेंगेनबाहेर, म्हणजे बहुतेक इथेच. त्यामुळे स्टिअरिंग ठरवताना दिवस मोजू नका, किलोमीटर मोजा. आमचे किलोमीटर तिकडे जास्त होतात. ज्यांचे स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉलमध्ये जास्त होणार त्यांनी माझं पुढचं सगळं उलटं वाचायचं.

सवय व्हायला किती वेळ लागतो हा ठरलेला प्रश्न. पेडल तेच असतात, क्लच डावीकडे ॲक्सिलरेटर उजवीकडे, इंडिकेटर पण युरोपातल्या गाड्यांना दोन्हीत डाव्याच बाजूला, म्हणजे तिथे गोंधळ नाही. गियर मॅन्युअल असता तर उजव्या हाताने बदलावा लागला असता आणि सुरुवातीला दाराच्या हँडललाच गियर समजून ओढलं असतं, ऑटोमॅटिकमुळे ते वाचलं. खरी गंमत गाडी रस्त्यात कुठे आहे हे कळण्यात आहे. इतकी वर्षं आपलं शरीर लेनच्या उजव्या अंगाला बसलेलं असतं, आणि डावीकडे बसलो तरी ते आपोआप तिथेच जायला बघतं, मग अख्खी गाडी उजवीकडे लोटली जाते. इंग्लंडात उजवीकडे म्हणजे मधली रेषा आणि समोरून येणारा ट्रक, फ्रान्समध्ये उजवीकडे म्हणजे झाडं, खांब, पार्क केलेल्या गाड्यांचे आरसे. शेजारचा माणूस ओरडतो ते या कारणाने. उपाय एकच, दोन्ही आरशांत लेनच्या रेषा बघत राहायच्या आणि डाव्या रेषेला जरा जास्तच चिकटून चालवतोय असं वाटू द्यायचं. काही दिवसांत बसतं. याला मी अडचण धरतच नाही.

अडचण आहे ती नजरेची, आणि ती कितीही सवय झाली तरी जात नाही. ब्रिटनमध्ये स्लिप रोडवरून मोटरवेला लागताना ट्रॅफिक उजवीकडून मागून येत असतो आणि तुम्ही बसलेले डावीकडे, मध्ये शेजारचा माणूस, त्याच्या मागे पत्र्याची भिंत. साध्या कारमध्ये मान वळवली की मागच्या काचेतून दिसतं, पॅनल व्हॅनमध्ये मान वळवून कपाट दिसतं. त्याहून वाईट म्हणजे तिरके जंक्शन, जिथे आपला रस्ता मोठ्या रस्त्याला काटकोनात न मिळता वाय सारखा मिळतो. तिथे उजवीकडचा ट्रॅफिक आपल्या खांद्याच्या मागे जातो आणि आरशात पण येत नाही. मी आता अशा ठिकाणी शेवटच्या काही मीटरात गाडी जमेल तेवढी काटकोनात वळवून उभी करते, मग शेजारच्या खिडकीतून सरळ दिसतं. मागच्याला वाटतं हिला चालवता येत नाही, वाटू दे. शेजारी कोणी असेल तर तो पुढे वाकून "ये, ये, थांब, लाल गाडी जाऊ दे" करतो, पण त्यातही दोघांचं आधी ठरलेलं पाहिजे, कारण "नाही" म्हणजे गाडी नाहीये की जाऊ नको, यावर आमचं एका जंक्शनला कडाक्याचं वाजलं होतं. आता फक्त "थांब" आणि "मोकळा" हे दोनच शब्द.

जायला एक आणि यायला एक असे दोनच पदर असलेल्या रस्त्यावर ओव्हरटेक तर सोडूनच द्या. पुढे ट्रॅक्टर असेल तर त्याच्या पलीकडचं बघायला निम्मी गाडी बाहेर काढावी लागते. मी काढत नाही. कॅम्पर घेऊन घाई कसली.

यावर काय लावलं तर उजव्या बाजूला एक कॅमेरा, ज्याचा स्क्रीन इंडिकेटर दिला की चालू होतो, आणि शेजारच्या खिडकीच्या खालच्या भागावर फ्रेनेल भिंगाची (चपटं, जास्त रुंद भाग दाखवणारं भिंग) चिकटवायची पट्टी. ही पट्टी दिसायला अगदीच प्लास्टिकचा तुकडा पण दाराला लागून चाललेली छोटी कार तिच्यात दिसते. युरोपातून येणाऱ्या डाव्या स्टिअरिंगच्या लॉऱ्या लेन बदलताना शेजारच्या कारला घासायच्या म्हणून एके काळी इथल्या हायवे खात्याने लॉरीवाल्यांना हीच पट्टी फुकट वाटली होती, त्यावरूनच मला सुचलं. ड्युकॅटोच्या आरशांना खाली वेगळी वाइड अँगलची काच असते तीही नीट लावून घ्या, बऱ्याच जणांची ती आकाशाकडे बघत असते.

आता जिथे "चुकीच्या" बाजूला बसणं चक्क बरं पडतं ते सांगते कारण हे कोणी सांगत नाही. इंग्लंडातल्या दोन्ही बाजूंना उंच कुंपण असलेल्या अरुंद गल्ल्या, किंवा स्कॉटलंडचे एकपदरी रस्ते जिथे समोरून गाडी आली की डावीकडच्या मोकळ्या जागेत सरकायचं असतं, तिथे मी कडेवरच बसलेली असते, चाक गटारापासून किती लांब आहे ते खिडकीतून खाली बघून कळतं. उजव्या स्टिअरिंगवाला तिथे अंदाजाने चालवतो. सायकलवाल्यांचं पण तसंच, डावीकडे वळताना आत घुसलेला सायकलवाला माझ्या कोपराशी असतो, दिसतोच. हाच नियम उलटा लावा, उजव्या स्टिअरिंगची गाडी नेदरलँड्समध्ये नेली तर उजवीकडे वळताना सायकलींच्या बाबतीत तिला फायदा, आणि फ्रान्समध्ये जिथे अजून उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचा नियम चालतो तिथे त्या गल्ल्यांमध्ये डोकावायलाही उजवीकडे बसलेलंच बरं. म्हणजे गावात आणि अरुंद रस्त्यावर कडेला बसणारा सुखी, मोठ्या रस्त्यावर मध्ये बसणारा सुखी. कॅम्परचं आयुष्य कुठे जास्त जातं ते ज्याने त्याने बघायचं. स्वीडनमध्ये 1967 च्या 3 सप्टेंबरला एका पहाटेत सगळा देश डावीकडून उजवीकडे गेला, पण त्याआधी तिथे वाहतूक डावीकडून आणि बहुतेक गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, असाच कारभार चालू होता. म्हणजे अख्खा देश माझ्यासारखा.

टोलनाके, पार्किंगचे बॅरिअर. फ्रान्समध्ये डावीकडे बसून टोलचं तिकीट हातात येतं, छान वाटतं. इथे उलट, पार्किंगच्या यंत्राशी शेजारचा माणूस, आणि एकटी असेन तर उतरून धावत पलीकडे जायचं आणि मागच्याने हॉर्न मारायचा. पण यावरून गाडी निवडू नका, उजव्या स्टिअरिंगवाल्यांना फ्रान्समध्ये काचेला लावायचा टोलचा टॅग मिळतो, बॅरिअर आपोआप उघडतो, संपला विषय.

दाराचं मात्र नीट ऐका. युरोपात बनलेल्या व्हॅनचं सरकतं दार उजवीकडे असतं कारण तिकडे फुटपाथ उजवीकडे. लोकांना वाटतं उजवं स्टिअरिंग घेतलं की दार आपोआप डावीकडे जाईल, तसं नाहीये. बऱ्याच जर्मन कंपन्या ब्रिटनसाठी फक्त स्टिअरिंग बदलून देतात, आतलं किचन, बेड, दार सगळं जिथल्या तिथे. फोक्सवॅगनच्या टी 5 आणि टी 6 कॅलिफोर्निया या कॅम्परचं इथलं सरकतं दार उजवीकडेच होतं, ड्रायव्हरच्या मागे, नव्या मॉडेलला ते दोन्हीकडे आलं. म्हणजे उजव्या स्टिअरिंगचे जादा पैसे मोजून सुद्धा रस्त्याकडेला थांबल्यावर पोरं ट्रॅफिकमध्येच उतरतात. आमचंही तेच होतं पण निदान आम्ही त्याचे पैसे मोजले नाहीत. आमची पद्धत अशी की थांबायचं ते शक्यतो पार्किंगच्या जागेत, नाहीतर दिवसा रस्त्याच्या उजव्या बाजूला, ट्रॅफिककडे तोंड करून. रात्री मात्र असं उलटं तोंड करून रस्त्यावर लावणं इथे नियमाविरुद्ध आहे, नेमलेली पार्किंगची जागा असेल तरच चालतं. पोरं लहान असतील किंवा कुत्रा असेल तर मी म्हणेन स्टिअरिंग विसरा, दार घरच्या देशातल्या फुटपाथच्या बाजूचं घ्या. कॅम्पसाइटवर दाराचा काही फरक पडत नाही, गाडी हवी तशी फिरवता येते बहुतेक ठिकाणी.

कागदपत्रं. स्वतः युरोपातून गाडी आणणार असाल तर ती इथे आल्यापासून 14 दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, नोवा नावाच्या सिस्टीममधून कळवावं लागतं, ब्रेक्झिटनंतर इम्पोर्टचा 20 टक्के व्हॅट बसतो, मग डीव्हीएलएकडे, म्हणजे वाहन खात्याकडे, नोंदणी. हेडलाइट डावीकडे डिप होणारे, म्हणजे खाली केल्यावर प्रकाश डावीकडे टाकणारे हवेत, मागचा फॉग लॅम्प उजवीकडे किंवा मध्यभागी, स्पीडोमीटरवर मैल. आमच्या आधीच्या मालकाने हे सगळं केलं होतं म्हणून मी म्हटलं की ते महत्त्वाचं आहे, हा व्याप करायची माझ्यात चिकाटी नाही. यात एक विनोद असा की आमची गाडी डाव्या स्टिअरिंगची पण दिवे ब्रिटनचे, त्यामुळे फ्रान्समध्ये शिरताना समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून दिव्यांना स्टिकर लावावे लागतात, शिवाय मागे देश सांगणारा यूके चा स्टिकर, जुना जीबीचा 2021 च्या सप्टेंबरपासून चालत नाही. तिकडचे लोक गाडी बघून आपलीच समजतात आणि मग स्टिकर बघून गोंधळतात. इन्शुरन्सला एका कंपनीने डावं स्टिअरिंग म्हटल्यावर फोनवरच नकार दिला, कॅम्परचंच काम करणाऱ्यांनी काही न विचारता दिला, सुरुवात त्यांच्यापासूनच करा.

एक गोष्ट जी मला अपेक्षित नव्हती. तिकडे गेल्यावर चुकीच्या बाजूने चालवायची भीती सगळ्यांना असते, पण डाव्या स्टिअरिंगमध्ये तिकडे शरीरच सांगतं, ड्रायव्हर मधल्या रेषेकडे पाहिजे, आहे, बरोबर. धोका परत आल्यावर असतो. डोव्हरला उतरलो की घरी आलो म्हणून मन सैल होतं, आणि स्टिअरिंग अजून फ्रान्सचंच, शरीर पुन्हा मधली रेषा डावीकडे शोधतं. बंदरातून बाहेर पडताना डावीकडून चालवा असे बोर्ड आहेत, पण ते पाहुण्यांसाठी असं आपण समजतो. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहाटे रिकाम्या रस्त्यावर पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, समोर एकही गाडी नाही जिच्या मागे जावं. आम्ही शेजारच्याला कामच दिलंय, पंपातून, राउंडअबाउटवरून, रस्त्यात थांबून निघताना मोठ्याने बाजू म्हणायची. कंटाळवाणं आहे, चालू आहे.

कोणी घ्यावी, तर दोघं फिरणारे, युरोपात लांब जाणारे आणि गाडी बरीच वर्षं ठेवणारे. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक कमी हा मुद्दा तुमच्यावरही उलटतोच, पण मग ती फ्रान्स जर्मनीतही विकता येते. एकटे फिरत असाल आणि गाडी बहुतेक इथेच फिरणार असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, निदान बंद पत्र्याची पॅनल व्हॅन तरी नाही, मागे बाजूला खिडक्या असलेली छोटी व्हॅन असेल तर एक वेळ विचार करा. टेस्ट ड्राइव्हला विकणारा तुम्हाला सरळ रस्त्याने नेतो, त्याला सांगायचं की मला एक तिरकं जंक्शन आणि एक स्लिप रोड दाखव, आणि शेजारी त्याला न बसवता ज्याच्याबरोबर फिरणार आहात त्याला बसवा.