अकरा महिने, एक वाचनयंत्र आणि प्रकरण सातवे : वाडा

मागच्या आठवड्यात माझ्या वाचनयंत्राची, म्हणजे पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या डेझी प्लेअरची, चार्जिंगची पिन सैल झाली. वायर एका विशिष्ट कोनात वाकवून वर चष्म्याची जड पेटी ठेवली की चार्ज होतं, नाहीतर नाही. (चष्मा आता कामाचा नाही, पेटी तरी कामाला आली.) दुरुस्तीला पाठवायचं तर पुन्हा त्याच दुकानदाराशी गाठ. आधीचे ६३० रुपये अजून विसरलेलो नाही. म्हटलं, पाठवण्याआधी एकदा सगळं लिहून काढावं.

डेझी म्हणजे दृष्टिहीनांना ऐकता यावं म्हणून पानांच्या, प्रकरणांच्या खुणा घालून तयार केलेलं डिजिटल पुस्तक, एवढं कळलं तरी पुरे, जास्त त्यात शिरत नाही. माझं एवढंच सांगतो. काचबिंदूने डावा डोळा आधी गेला, उजव्यात आता खिडकी कुठे आहे इतपत कळतं. जिल्हा परिषदेत हिशेब शाखेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे पै-पैचा हिशेब ठेवायची खोड आहे. निवृत्तीनंतर वाचू म्हणून कपाटभर पुस्तकं जमवली होती. ब्रेल शिकायला बसलो, पण साठीनंतर बोटांना ठिपके लागेनात. सहा ठिपक्यांतले चार कळायचे, उरलेले दोन मी अंदाजाने भरायचो. शेवटी हे यंत्र घेतलं. मॉडेलचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

चांगलं आधी. बटणं मोठी आहेत, ५ वर उंचवटा आहे, दोन दिवसांत हात बसला. झोपेचा टायमर म्हणजे तर वरदान. मी अर्ध्या तासाचा लावतो आणि विसाव्या मिनिटाला घोरतो, सकाळी दहा मिनिटं मागे जायचं, बस्स. वेग वाढवता येतो. सुरुवातीला नेहमीचा वेगही घाईचा वाटायचा, आता दीडपटीवर ऐकतो. घरच्यांना ते कोंबड्यांच्या खुराड्यासारखं ऐकू येतं म्हणे.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या महिन्यात एका ओळखीच्याने पेनड्राइव्हवर चाळीसेक मराठी पुस्तकं आणून दिली. फुकट. मी खूश. पहिलीच कादंबरी लावली, छापील २८८ पानांची. यंत्रातला मराठी आवाज वाचायला लागला आणि ऐन रंगात आल्यावर म्हणाला, "तिने मागे वळून पाहिलं आणि एकशे बारा प्रकरण सातवे वाडा हळूच म्हणाली."

एकदा हसलो, दुसऱ्यांदाही हसलो. नंतर प्रत्येक पानाला तेच. पानाचा क्रमांक आणि पानाच्या डोक्यावर छापलेलं प्रकरणाचं नाव वाक्याच्या मधोमध घुसायचं. कोणी मेलं तरी मध्ये वाडा, कोणी लग्नाला होकार दिला तरी मध्ये वाडा. मी घड्याळ लावून मोजलं : एका वेळेला सुमारे चार सेकंद. २८८ पानं म्हणजे १,१५२ सेकंद, म्हणजे एकोणीस मिनिटं बारा सेकंद. एका कादंबरीत एकोणीस मिनिटं मी वाडा ऐकत बसायचं! मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं काय, दुर्लक्ष करा." डोळ्यांनी वाचणारा दुर्लक्ष करू शकतो, त्याची नजर त्या ओळीवरून घसरते. कानाला घसरता येत नाही.

मी गृहीत धरलं की यंत्रच बिघडलंय. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पाठवा. कुरियरचे १८० गेले. बारा दिवसांनी यंत्र परत आलं, सोबत चिठ्ठी : दोष आढळला नाही, तपासणी शुल्क ४५०. त्यांनी बहुधा चालू-बंद करून पाहिलं असणार. मी फोनवर भांडलो. पलीकडचा तरुण अतिशय नम्र होता, आणि नम्र माणसाशी भांडून समाधान मिळत नाही. तीन तारांकित गुण देणार होतो, ते त्या दिवशी एकावर आणले.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. आवडलं नाही, पण बदललं.

सांगलीत आमच्याकडे दृष्टिहीनांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. तिथे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, घेऊन गेलो. तिथल्या ग्रंथालयातल्या मुलीने फाइल दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाली, "काका, यंत्र ठीक आहे हो. हे पुस्तकच नाहीये, नुसतं स्कॅन आहे." मग तिने समजावलं ते असं. छापील पान स्कॅन केलं की ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, पानावरचं जे जे दिसेल ते अक्षरात आणतं : मजकूर, क्रमांक, डोक्यावरचं नाव, सगळं एका ओळीत. व्यवस्थित तयार केलेल्या डेझी पुस्तकात पानाचा क्रमांक मजकुरात नसतो, वेगळी खूण म्हणून असतो. मग यंत्राला सांगता येतं, क्रमांक वाचू नकोस. प्रकरणांनाही अशाच खुणा असतात, म्हणून बाणाच्या बटणाने प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. माझ्या फाइलीत कसलीच खूण नव्हती. म्हणजे यंत्र बिचारं समोर आलं ते इमानेइतबारे वाचत होतं.

तर यंत्राची माफी मागतो. दुकानदाराची नाही. "दोष फाइलीत आहे" हे तीन शब्द त्याला लिहिता आले असते, चारशे पन्नास घेताना.

त्याच मुलीने मला सुगम्य पुस्तकालयात सदस्य करून दिलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय, डेझी फोरम ऑफ इंडियाचं, म्हणजे अशी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांच्या गटाचं. वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं एका यादीत येतात, म्हणजे एकाने मेहनत घेतली की तेच पुस्तक दुसऱ्याने पुन्हा स्कॅन करायला नको. हे कुणीतरी आधी का सांगितलं नाही, हा माझा सगळ्या जगावर राग आहे. आणि हो, माझा समज होता की मराठी पुस्तकं कमी मिळतात ती प्रकाशक परवानगी देत नाहीत म्हणून. तसं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात, नफा न कमावता अपंग व्यक्तींसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला परवानगी लागत नाही. दृष्टिहीनांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय माराकेश करार म्हणतात, तो मान्य करणारा पहिला देशही आपणच, २०१४ साली. अडतं ते माणसांवर. बऱ्याच जुन्या मराठी पुस्तकांच्या फाइली प्रकाशकांकडे असल्या तरी युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. स्क्रीन रीडरला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिल्या तर तो इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं बरळायला लागतो. म्हणून पुन्हा छापील प्रत, पुन्हा स्कॅन, पुन्हा कुणीतरी बसून 'घ' आणि 'ध' वेगळे करायचे.

बोलक्या पुस्तकांबद्दल एक. संस्थेकडे स्वयंसेवकांनी घरी बसून रेकॉर्ड केलेली काही पुस्तकं आहेत. एका बाईंच्या आवाजातला कथासंग्रह ऐकला. तिसऱ्या कथेत नायिका चिठ्ठी उघडते, बाई एक क्षण थांबतात, आणि मागे कुकरची शिट्टी होते. एक. मग दुसरी. बाईंनी तिसरीची वाट पाहिली असावी, कारण आवाज थोडा वेळ बंद, मग पुढे चिठ्ठी. दर पानाच्या वाड्यावर चिडणारा मी, या शिट्ट्या मला चालल्या. का, ते विचारू नका. यंत्राच्या आवाजात चिठ्ठी आणि किराणा यादी एकाच सुरात येतात, बाईंच्या आवाजात चिठ्ठी चिठ्ठीसारखी येते. मात्र अशी पुस्तकं व्हायला महिने लागतात. पोटभर वाचायचं असेल तर यंत्राचाच आवाज.

आता पान क्रमांकाबद्दल दुसऱ्यांदा मत बदलतो. मिरजेला माझी अक्का असते, वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिचे डोळे माझ्या दुप्पट चालतात. तीच कादंबरी तिने छापील काढली. रोज रात्री फोन : "कुठवर आलास?" सुधारलेलं डेझी हातात आल्यावर मी पहिल्यांदा अभिमानाने पान क्रमांक बंद केले होते. अक्काने विचारलं आणि मला सांगता येईना. "ती विहिरीपाशी जाते तिथे," मी म्हणालो. "ती चार वेळा जाते," अक्का. मग क्रमांक पुन्हा चालू केले. आता १४० म्हटलं की १४०, आणि तिने १६३ वर काहीतरी आहे म्हटलं तर मी बटणं दाबून थेट १६३ वर जातो. तेव्हा क्रमांक हवाच. फक्त तो वाक्याच्या पोटात नको.

सुधारलेलं कसं आलं, तेही सांगतो, कारण त्यात माझाही हात आहे. आधी नातवाला म्हटलं, तू संगणकावरून ते आकडे काढून टाक. त्याने पाच मिनिटांत काढले. "झालं, आबा." मी ऐकायला बसलो. वाडा गेला, क्रमांक गेले. आणि कथेतले आजोबा "च्या चळवळीत" तुरुंगात गेले. पठ्ठ्याने सगळेच आकडे काढले होते, १९४२ सकट. त्यांच्या धाकट्या मुलीचं वयही गेलं, घराचे भाडेही गेले. मग संस्थेतल्या मुलीने कच्ची फाइल घेतली, पानांच्या आणि प्रकरणांच्या खुणा घातल्या आणि मला म्हणाली, "काका, तुम्हाला एवढं खुपतं ना, मग ऐकून चुका सांगा." फुकट कामाला लावलं मला. पण हिशेब तपासायची सवय असलेल्याला हे काम गोड लागतं. फोनच्या रेकॉर्डरवर पान क्रमांक बोलायचा, चूक बोलायची, आठवड्याने तिला पाठवायचं. पहिल्या कादंबरीत २१४ सापडल्या. सगळ्यात जास्त 'घर' चं 'धर'.

आता गुण. यंत्र : चार. पिनमुळे एक कापला. दुकानदार : शून्य, आणि पिनचं काम गावातल्या मोबाईलवाल्याकडे होतं का ते आधी विचारणार आहे. त्याने ८० सांगितले आहेत, साठात करेल. घेणाऱ्यांना एवढंच म्हणेन, आधी संस्थेत जा, मग दुकानात. मी उलटं केलं.

हे सगळं फोनला बोलून लिहिलंय, शुद्धलेखन त्याचं. चष्म्याची पेटी ठेवून यंत्र चार्ज होतंय, दुसरं पुस्तक चालू आहे, पान ६१. "तिने गरम मात वाढला." लिहून घे गं बाई : भ.