न्यू बेडफर्डचं व्हेलिंग म्युझियम: नुसते सांगाडे बघून परत फिरू नका
★★★★★

बॉस्टनहून गाडीने तास-सव्वा तास लागतो. आम्ही जिथे उतरलो होतो तिथला काउंटरवरचा मुलगा म्हणाला व्हेलचे सांगाडे बघा, फोटो काढा, तासाभरात मोकळे व्हाल. आम्ही चार तास आत होतो आणि बाहेर आलो ते पण पोरांना भूक लागली म्हणून.

सांगाडे भारीच आहेत, त्यात वादच नाही. ब्लू व्हेलच्या हाडांतून एवढ्या वर्षांनी अजून तेल झिरपतं म्हणे, आणि ते चक्क बाटलीत गोळा करतात. लॅगोडा या शिडाच्या जहाजाचं निम्म्या आकाराचं मॉडेल 1916 पासून उभं आहे, त्यावर चढता येतं, आमची पोरं तिथून हलेनात. पण मी हे लिहायला बसलो ते अझोरियन व्हेलमन गॅलरीसाठी, म्हणजे अझोर्स बेटांवरून आलेल्या व्हेलशिकारी खलाशांवरच्या दालनासाठी. ही 2010 ला सुरू झाली, आणि गर्दी सगळी सांगाड्यांपाशी असते.

तर झालं असं की 19व्या शतकात इथली व्हेलच्या शिकारीची जहाजं पुरेसे खलाशी नसतानाच निघायची आणि अटलांटिकच्या मध्यात पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर, मुख्यतः त्यातल्या फायालला, थांबून पाणी, भाजीपाला आणि माणसं भरून घ्यायची. तिथल्या पोरांना पोर्तुगालच्या सक्तीच्या लष्करभरतीतून सुटायचं होतं, घरी जमीन तुटपुंजी, मग काय, चढले जहाजावर. आता गंमत बघा, पगार हा शब्द आपण मराठीत पोर्तुगीजांकडून घेतला आणि या पोर्तुगीज पोरांना पगार नव्हताच! ट्रिपच्या कमाईत वाटा मिळायचा, नवख्याला साधारण पावणेदोनशे-दोनशेतला एक, त्यातून आधी दिलेली उचल, कपडे, तंबाखू वजा, म्हणजे तीन-चार वर्षं समुद्रावर काढून हातात जवळपास भोपळा.

घरी आल्यावर मी जुन्या क्रू लिस्ट ऑनलाइन चाळत बसलो, त्या कुणालाही शोधता येतात. नाव, वय, उंची, केसांचा रंग, बस्स. आणि नावं तरी कुठली खरी, पेरेराचा पेरी झालेला, रॉड्रिग्जचा रॉजर्स, त्यामुळे आपले पणजोबा शोधणाऱ्यांची काय दमछाक होत असेल देव जाणे.

व्हेलचा धंदा बसला तशी माणसं कापडगिरण्यांत गेली. मग 1957 ला फायालला कापेलिन्योस ज्वालामुखी फुटला, घरं-शेतं राखेखाली गेली, आणि 1958 ला तेव्हा सिनेटर असलेल्या केनेडींनी आणि शेजारच्या ऱ्होड आयलंडच्या पॅस्टोरेंनी खास कायदा करून घेतला, त्यावर पुन्हा अझोर्सची कुटुंबं अमेरिकेत आली. म्हणजे आजोबा हार्पूनवाले (व्हेलला भाला मारणारे) आणि नातू राखेतून उठून आलेला, असंही एखाद्या घरात असेल.

म्युझियम एकटंच हे सगळं सांभाळतंय असं नाही हां. गावाच्या लायब्ररीची 1971 पासून एक पोर्तुगीज शाखा आहे, नाव काझा दा सौदाद, म्हणजे हुरहुरीचं घर. लायब्ररीला असं नाव द्यायचं सुचतं कुणाला! इथून 1919 ते 1973 निघालेलं पोर्तुगीज दैनिक दियारियो द नोतिसियास जवळच्या डार्टमथच्या विद्यापीठाने स्कॅन करून ऑनलाइन टाकलंय. पोर्तुगीज येत नसली तरी जाहिराती बघा, दुकानं, जहाजांची तिकिटं, सगळं कळतं.

जमलं तर ऑगस्टच्या पहिल्या वीकेंडला जा. मदेइरा या पोर्तुगालच्याच दुसऱ्या बेटावरून आलेल्या चौघांनी 1915 ला सुरू केलेली जत्रा तेव्हा असते, लांबच लांब सळ्यांना मांस लावून निखाऱ्यावर आपलं आपणच भाजायचं आणि सोबत मदेइराची वाइन. आम्ही ऑक्टोबरात गेलो, त्यामुळे पिझ्झा खाऊन परत.