जपानी भातासाठी मातीचं भांडं की विजेचा कुकर?

जपानी तांदूळ घरी नेहमी शिजवायचा ठरलं की भांड्याचा प्रश्न येतो. एका बाजूला डोनाबे, म्हणजे गॅसवर चालणारं जाड मातीचं भांडं. दुसऱ्या बाजूला बटण दाबून विसरता येणारा विजेचा राइस कुकर. माझं मत आधीच सांगते. घरातली माणसं एकाच वेळी पानावर बसत असतील आणि स्वयंपाक गॅसवर होत असेल, तर मातीचं भांडं घ्या. जो तो आपापल्या वेळेला जेवत असेल तर कुकर घ्या. चवीचा प्रश्न त्यानंतरचा.

आधी तांदळाला काय लागतं ते पाहू. कोशिहिकारीसारखा जपानी तांदूळ आखूड, गोलसर आणि शिजल्यावर एकमेकांना धरून राहणारा. तो भरपूर पाण्यात उकळून पेज काढून करायचा नसतो, घातलेलं सगळं पाणी दाण्यानेच पिऊन टाकायचं असतं. म्हणून माप महत्त्वाचं. जपानात तांदूळ ‘गो’ या मापाने मोजतात. एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, वजनात साधारण १५० ग्रॅम. त्याला सुमारे २०० मिलिलिटर पाणी. तांदूळ धुताना पहिलं पाणी झटकन ओतून टाकायचं, कारण कोरडा दाणा तेच पाणी सगळ्यात वेगाने शोषतो आणि कोंड्याचा वास आत घेतो. मग अर्धा तास भिजवणं, थंडीत त्याहून जास्त. पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचलं नाही, तर कुठल्याही भांड्यात बाहेरून आसट आणि आतून कच्चा भात होतो. भिजवणं टाळणाऱ्याने महागडं भांडं घेऊन काही हाती लागत नाही.

शिजतानाही दोन गोष्टी हव्यात. उकळी फार घाईने येऊ नये, दहाएक मिनिटांत यावी. या चढत्या तापमानात दाण्यातली विकरं पिष्टाची थोडी साखर करतात आणि भाताला अंगचा गोडवा येतो. उकळी आल्यावर मात्र तापमान ९८ अंशांच्या वर साधारण वीस मिनिटं टिकायला हवं, तेव्हा पिष्ट पूर्ण फुलतं. मातीचं भांडं आणि कुकर यांच्यातली सगळी तुलना या दोन गोष्टींभोवती फिरते.

माती उष्णता हळू घेते आणि हळू सोडते. त्यामुळे डोनाबेत उकळी आपोआप सावकाश येते, आणि गॅस बंद केल्यावरही भांडं स्वतःच्या उष्णतेवर भात मुरवत राहतं. चुलीवरच्या भातासाठी जपानी घरांत जुना नियम सांगत: सुरुवातीला मंद, मग जोरात आणि तान्हं मूल रडलं तरी झाकण काढायचं नाही. भातासाठी खास केलेल्या जाड डोनाबेत यातला जाळ कमी-जास्त करण्याचा भाग भांडंच सांभाळतं. तीन गो तांदूळ, ६०० मिलिलिटर पाणी, मध्यमपेक्षा थोडी मोठी आच. तेरा-पंधरा मिनिटांत झाकणाच्या भोकातून वाफेचा जोरदार झोत येतो. त्यानंतर मिनिटभर थांबायचं, गॅस बंद करायचा आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. तळाशी सोनेरी खरपुडी हवी असेल तर गॅस बंद करायला आणखी एक-दोन मिनिटं उशीर करायचा. या खरपुडीला जपानीत ओकोगे म्हणतात, आणि ती ताटात आली की मुलं काय, मोठेही तिच्यासाठी भांडतात. साध्या कुकरमध्ये ती अशी, हवी तेवढी, मिळत नाही.

कुकरची गोष्ट वेगळी आहे आणि तिला कमी लेखू नये. तोशिबाने १९५५ मध्ये स्वयंचलित विजेचा कुकर बाजारात आणला आणि पहाटे उठून चुलीपाशी बसण्यातून जपानी बायकांची सुटका केली. पुढे इंडक्शनवर चालणारे कुकर आले, त्यात आतलं भांडंच चहूबाजूंनी तापतं. मग दाबाखाली शिजवणारे आले. आज वरच्या किमतीच्या कुकरमध्ये कोणी कोळशाचं भांडं घालतं, तर टायगर कंपनी चक्क भाजलेल्या मातीचं. म्हणजे कुकर बनवणारेही चुलीवरच्या आणि मातीतल्या भाताकडेच बघत आले आहेत.

वेळेबद्दल मात्र बहुतेकांचा समज उलटा असतो. मातीचं भांडं वेळखाऊ वाटतं, पण भिजवणं, शिजवणं, मुरवणं मिळून ते तासाभरात मोकळं होतं. चांगल्या कुकरचा नेहमीचा कार्यक्रमही साधारण तेवढाच चालतो, कारण भिजवणं आणि मुरवणं त्यातच धरलेलं असतं. फरक लक्ष देण्याचा आहे. डोनाबेपाशी शेवटची काही मिनिटं कान आणि नाक जागे ठेवावे लागतात. कुकरमध्ये रात्री तांदूळ घालून सकाळी सातला भात तयार ठेवता येतो. लहान मूल, म्हातारी माणसं आणि नोकरी एकत्र सांभाळणाऱ्या घरात ही सोय फार मोठी आहे.

भात झाल्यावरचा हिशेब डोनाबेच्या बाजूने नाही. भांडं भात तासभर चांगला गरम ठेवतं, नंतर झाकणाखाली पाणी जमतं आणि तळचा भात ओलसर होतो. उरलेला भात लगेच काढून ठेवावा लागतो. जपानात त्यासाठी लाकडी डबा वापरत, ते लाकूड जास्तीची वाफ पिऊन घेतं. आता बरेच जण एकेका वाढणीएवढा भात गरम असतानाच गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकतात, तो नंतर छान गरम होतो. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवलेला भात मात्र कडक पडतो. कुकर ७० अंशांच्या आसपास भात तासन्‌तास धरून ठेवतो, पण फार वेळ ठेवला की तो पिवळसर होतो आणि त्याला वास येऊ लागतो.

आता चव. डोनाबेतला दाणा सुटा दिसतो, चकाकतो, दाताखाली किंचित दाब देतो आणि मग गोड लागतो. साध्या कुकरचा भात सगळीकडे सारखा आणि जास्त मऊ. भात नुसता, किंवा भाजलेला मासा, लोणावलेलं उमे हे आंबट जपानी फळ आणि मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सार) यांच्यासोबत खाणार असाल तर हा फरक पहिल्या घासाला कळतो. ओनिगिरी, म्हणजे हाताने दाबून वळलेले भाताचे गोळे, करून गार खाणार असाल तरी कळतो. जपानी करी ओतून खाणार असाल तर मला तरी तो जाणवत नाही, आणि रोज करीच होत असेल तर डोनाबेवर पैसे घालू नयेत.

डोनाबे घ्यायचं ठरलं तरी एक निवड उरतेच. मिए प्रांतातच दोन मोठ्या परंपरा आहेत. इगाची माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळातली. तिच्यातले जुन्या वनस्पतींचे अंश भट्टीत जळून जातात आणि बारीक छिद्रं राहतात, म्हणून ती उष्णता धरून ठेवते. इगातल्या नागातानीएन या घराण्याचं जाड बुडाचं, दुहेरी झाकणाचं ‘कामादो-सान’ भातासाठीच केलेलं आहे. आतल्या झाकणामुळे पाणी उतू जात नाही. ते जड आणि महाग आहे. दुसरी परंपरा योक्काइचीच्या बान्को भांड्यांची. त्यांच्या मातीत पेटालाइट हे लिथियमचं खनिज मिसळतात, त्यामुळे तापल्यावर माती फार कमी प्रसरण पावते आणि तडे जाण्याची भीती कमी होते. ही भांडी स्वस्त, बहुधा हलकी, आणि त्यात भाज्या-माशांचा रस्साही करता येतो. पण पातळ भांड्यात उकळी लवकर येते आणि जाळ स्वतः सांभाळावा लागतो. फक्त भातासाठी घेणार असाल तर इगा. एकाच भांड्यात सगळं करायचं असेल तर बान्को.

मातीला जपावं लागतं. वापर सुरू करण्याआधी त्यात भाताची पातळ पेज मंद आचेवर करून पूर्ण गार होऊ द्यायची, पिष्टाने छिद्रं बुजतात. बूड ओलं असताना भांडं गॅसवर ठेवायचं नाही, रिकामं तापवायचं नाही, गरम भांड्यावर गार पाणी ओतायचं नाही. रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत ठेवलं तर माती ते पाणी पिते. धुतल्यावर नीट वाळलं नाही तर बुरशी धरते. हे रोज पाळायचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच कुकरकडे वळा.

शेगडीही तपासा. साधं डोनाबे इंडक्शनवर तापत नाही. जपानात, युरोपात किंवा अमेरिकेत नुसती इंडक्शनची शेगडी असलेल्या घरात राहणाऱ्या मराठी माणसाला कुकर, नाहीतर जाड झाकणाचं एनॅमल दिलेलं बिडाचं भांडं सोयीचं. बिडाच्या भांड्यात आच स्वतः कमी करावी लागते, पण खरपुडी छान येते. पुण्या-मुंबईत एलपीजीवर डोनाबे उत्तम चालतं. उलट जपानहून कुकर आणताना विजेचा दाब बघा. तिथल्या घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. तिथला कुकर इथे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळेल.

कुंभाराकडच्या हंडीत जमेल का? भात होतो, पण ती माती कमी तापमानाला भाजलेली, भिंत पातळ आणि झाकण सैल असतं, त्यामुळे वाफ निसटते आणि मुरण्याची वीस मिनिटं नीट मिळत नाहीत. डोनाबेत मावळातला इंद्रायणी मात्र जरूर करून बघा. तोही मऊ, धरून राहणारा तांदूळ आहे. जपानी दाण्याचा दाब त्यात येत नाही, पण वास झाकणाखाली कोंडून राहतो आणि ताटात उतरतो. पाण्याचं माप तेवढं आपल्या तांदळाच्या जुनेपणावर ठरवा.

आकार निवडताना घरातल्या रोजच्या जेवणाएवढाच घ्या, पाहुण्यांच्या हिशेबाने नको. तीन गोच्या भांड्यात एकच गो शिजवला तर पाणी लवकर आटतं आणि भात नीट फुलत नाही. दोघांच्या घराला दोन गोचं भांडं पुरतं.